ओळख पटल्याशिवाय

लिनक्सवर काम करणाऱ्याला 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' हा संदेश कधी ना कधी भेटतोच. त्रुटी क्रमांक ११७. शब्द इतके सौम्य की कुणी झाडलोट करून घ्यायला सुचवते आहे असे वाटावे. प्रत्यक्षात फाइलसिस्टीम त्या क्षणी सांगत असते की मी माझीच एक नोंद डिस्कवरून वाचली, ती मला पटली नाही, आणि आता तिच्या भरवशावर मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. बहुतेकांना हे वाचून आधी राग येतो. सर्व्हर चांगला धावत होता, लोक कामात होते, मध्येच हे काय? राग यायला हरकत नाही; फक्त तो योग्य ठिकाणी जावा. या संदेशाच्या आधी कित्येक वर्षे अशी गेली की नोंद बिघडलेली असायची आणि फाइलसिस्टीम ती खरी मानून निमूट काम करत राहायची. हे पुस्तक त्या भाबडेपणाच्या शेवटाविषयी आहे.

फाइलसिस्टीम डिस्कवर दोन गोष्टी ठेवते. एक आपला ऐवज: फोटो, पगारपत्रके, डेटाबेस. दुसरी तिचे स्वतःचे दप्तर: कोणती फाइल कोणत्या ब्लॉकांत आहे, कोणते ब्लॉक मोकळे आहेत, कोणत्या डिरेक्टरीत कोणती नावे आहेत, फाइल कोणाची, ती शेवटची कधी बदलली. या दप्तराला मेटाडेटा म्हणतात. शेतजमीन आणि सातबारा यांचे जे नाते, तेच ऐवज आणि मेटाडेटा यांचे. जमीन जागची हलत नाही, पण उताऱ्यावर गट नंबर चुकला की एकाच तुकड्यावर दोघे पेरणीला उभे राहतात. शेतात निदान भांडण तरी होते आणि चार लोकांना कळते. डिस्कवर दुसरा मुकाट्याने पहिल्याच्या उभ्या पिकातून नांगर घालतो.

म्हणून दोन्हींतल्या बिघाडाला एकच माप लावता येत नाही. फोटोतला एक बिट उलटला तर फार तर तो फोटो जातो. मोकळ्या जागेच्या नोंदीतला एक बिट उलटला तर भरलेला ब्लॉक मोकळा दिसतो, तिथे नवी फाइल लिहिली जाते, जुनी फाइल निम्मी नष्ट होते; मग ती नवी फाइल कुणी पुसली की तो ब्लॉक पुन्हा मोकळा ठरतो आणि तिसऱ्याला दिला जातो. मूळ चूक एका बिटाची. आठवडाभराने तिचे स्वरूप असे होते की सुरुवात कुठे झाली हे कुणालाच सांगता येत नाही. दरम्यान बॅकअप चालूच असतात आणि तेही बिघडलेल्या प्रतींनी भरत जातात. मेटाडेटाच्या बिघाडात लवकर कळणे म्हणजे निम्मे वाचणे, ते यामुळे.

तपासणी ही कल्पना जुनीच आहे. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये टेड कोवाल्स्की यांनी युनिक्ससाठी एफएससीके हा प्रोग्राम लिहिला; पुढे बर्कलीच्या युनिक्ससाठी त्यावर कर्क मॅक्युसिक यांनी काम केले. हा प्रोग्राम सगळे दप्तर उघडून बसतो: ब्लॉक आणि आकार, डिरेक्टरींची वाट, पोरक्या फाइली, दुव्यांची मोजदाद, मोकळ्या जागेचा ताळा. काम चोख. अडचण दोन प्रकारची होती. ही तपासणी फाइलसिस्टीम बंद असतानाच करता येत असे, आणि डिस्क जितकी मोठी तितका वेळ जास्त लागत असे. मेगाबाइटच्या काळात ही तपासणी चहा होईपर्यंत उरकायची. टेराबाइट आल्यावर ती रात्रभर चालू लागली, आणि रात्रभर सर्व्हर बंद ठेवायला कोण तयार होणार?

मग जर्नलिंग आले. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या आयरिक्ससाठी बनवलेली एक्सएफएस १९९४ मध्ये बाहेर पडली, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये एक्सटी३ २००१ च्या सुमारास आली. बदल आधी जर्नलमध्ये टिपायचा आणि मग जागेवर करायचा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट कामे पुरी करता येतात. पूर्ण तपासणीची गरज उरत नाही. एक्सएफएससाठी एफएससीके नावाचा जो प्रोग्राम दिला जातो, तो काहीही न करता यशस्वी होतो, असे त्याच्या मॅन्युअलमध्येच गंभीरपणे लिहिलेले आहे. युनिक्सवाल्यांचा विनोद असाच असतो, हसू न देता केलेला.

पण जर्नलिंगने एक गैरसमज पसरवला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. जर्नल एवढेच वचन देते की एखादा बदल एक तर पूर्ण होईल नाही तर मुळीच होणार नाही. जे लिहिले तेच सहा महिन्यांनी वाचायला मिळेल, हे वचन ते देत नाही, देऊही शकत नाही. उलट एक नुकसान झाले. पूर्वी यंत्र कोसळले की नाइलाजाने का होईना, सगळे दप्तर तपासले जायचे. जर्नलने तो नाइलाज संपवला. एक्सटी कुळात इतक्या वेळा माउंट झाल्यावर किंवा इतके दिवस उलटल्यावर सक्तीने तपासणी व्हायची. पुढे ती सोयही सुरुवातीपासूनच बंद ठेवली जाऊ लागली, कारण भर कामाच्या सकाळी अर्धा तास खोळंबा कोणालाच नको होता. परिणामी असे सर्व्हर उभे राहिले ज्यांचा मेटाडेटा जन्मल्यापासून एकदाही कुणी सलग वाचलेला नव्हता.

डिस्क फसवते ती कशी? साधी कल्पना अशी की डिस्क एक तर बरोबर वाचते, नाही तर 'वाचता आले नाही' म्हणते. हा दुसरा प्रकार परवडला. त्रास तिसऱ्या प्रकाराचा आहे: डिस्क चुकीचे वाचते आणि 'सगळे ठीक' म्हणते. कधी लिखाण हरवते. डिस्क 'लिहिले' म्हणून पावती देते आणि पृष्ठभागावर जुनाच मजकूर राहतो. कधी लिखाण वाट चुकते. मजकूर शंभर टक्के अचूक, पण पडतो भलत्याच ब्लॉकवर, म्हणजे एका फटक्यात दोन चुका, इथला नाही आणि तिथला पुसला. कधी लिखाण फाटते, निम्मा ब्लॉक नवा आणि निम्मा जुना. डिस्कचे आतले सॉफ्टवेअर, कंट्रोलर, केबल, मेमरी, यांपैकी कुणीही दोषी असू शकते.

हे किती वेळा घडते? विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटअॅप यांच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात लक्ष्मी बैरवसुंदरम आणि अर्पाची-ड्यूसो दांपत्य होते. वापरात असलेल्या १५ लाख ३० हजार डिस्क, ४१ महिने. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळण्याच्या घटना ४ लाखांहून जास्त निघाल्या. स्वस्त निअरलाइन डिस्कवर हे प्रमाण महाग एंटरप्राइझ डिस्कच्या दहापट होते. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की या चुका एकट्यादुकट्या येत नाहीत. एक ब्लॉक गेला की शेजारचाही जाण्याची शक्यता वाढते, आणि एकाच संचातल्या वेगवेगळ्या डिस्कवरच्या चुकांचाही एकमेकींशी संबंध असतो. पहिल्या चुकीवर फाइलसिस्टीमने आवाज केला तर उरलेल्या येण्याआधी डिस्क बदलता येते. या आकड्यांतून माझ्या मते घेण्यासारखे आहे ते हेच. टक्केवारीत अडकून पडण्यात अर्थ नाही.

पडताळणीचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त रूप म्हणजे मॅजिक नंबर. ब्लॉकच्या तोंडाशी एक ठरलेली खूण ठेवायची आणि वाचताना ती दिसते का पाहायचे. एक्सएफएसचा सुपरब्लॉक, म्हणजे सगळ्या फाइलसिस्टीमचे वर्णन असलेला मुख्य ब्लॉक, 'एक्सएफएसबी' या चार अक्षरांनी सुरू होतो. बर्कलीच्या फास्ट फाइलसिस्टीमचा मॅजिक नंबर ०११९५४ आहे; ती मॅक्युसिक यांची जन्मतारीख, १९ जानेवारी १९५४. जगभरच्या बीएसडी यंत्रांनी कित्येक दशके एका माणसाचा वाढदिवस दर माउंटला तपासला आहे! खूण म्हणून हे पुरेसे आहे, पुरावा म्हणून नाही. मॅजिक नंबर सांगतो की हा ब्लॉक अमुक जातीचा आहे. तो आजचा आहे की मागच्या वर्षीचा, या फाइलसिस्टीमचा आहे की याच डिस्कवर पूर्वी नांदलेल्या दुसऱ्या फाइलसिस्टीमचा, योग्य जागी आहे की वाट चुकून आलेला, यातले काहीच तो सांगत नाही. जुन्या एक्सएफएसमध्ये तर काही ब्लॉकांवर एवढीही खूण नव्हती. लांबलचक सिम्बॉलिक लिंकचा मजकूर ज्या ब्लॉकमध्ये असे, त्यावर फक्त मजकूर असे. असा ब्लॉक वेगळा काढून हातात दिला तर तो कशाचा, हे त्यावरून जाणकारालाही सांगता येत नसे.

हीच अडचण एक्सएफएसचे प्रमुख विकासक डेव्ह चिनर यांनी नेमकी धरली. एक्सएफएस शेकडो टेराबाइटपर्यंत सहज वाढते, वेग टिकतो, रचना टिकते. टिकत नाही ती रचनेची पडताळणी, असा त्यांचा मुद्दा होता. बिघाड झाल्यावर कुणीतरी कच्चे ब्लॉक उघडून बसते, हेक्समधले आकडे वाचते आणि हा ब्लॉक कोण, कोणाचा, कधीचा याचा अंदाज बांधते. लहान डिस्कवर हे जमते. मेटाडेटाच जिथे कित्येक गिगाबाइटचा, तिथे माणूस हरतो. तेव्हा ब्लॉकने स्वतःची ओळख स्वतःच द्यावी, आणि ती यंत्राला तपासता यावी. यातून एक्सएफएसची पाचवी आवृत्ती आली, २०१३ मध्ये लिनक्स ३.१० बरोबर, आधी प्रायोगिक म्हणून.

या आवृत्तीत मेटाडेटाच्या प्रत्येक ब्लॉकवर काय काय असते ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण त्यातली एकेक ओळ एकेका जुन्या फसवणुकीला दिलेले उत्तर आहे. मॅजिक नंबर असतो. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी असतो. डिस्क नव्याने फॉरमॅट केल्यावर जुन्या संसाराचे ब्लॉक पृष्ठभागावर पडून राहतात, त्यांची खूण बरोबर असते, रचना बरोबर असते, फक्त ते दुसऱ्या घरचे असतात. यूयूआयडी त्यांना वेगळे काढतो. मग ब्लॉकचा स्वतःचा पत्ता: मी अमुक क्रमांकावर राहतो. वाट चुकलेले लिखाण यानेच पकडले जाते, कारण भलत्या जागी पडलेला ब्लॉक भलताच पत्ता सांगतो. मग मालक: कोणत्या आयनोडचा, म्हणजे फाइलच्या नोंदीचा, किंवा फाइलसिस्टीमच्या कोणत्या विभागाचा, म्हणजे अलोकेशन ग्रुपचा. पुढे शेवटचा बदल जर्नलमधल्या कोणत्या नोंदीने झाला त्याचा क्रमांक. कोसळल्यानंतर जर्नल पुन्हा चालवताना डिस्कवरचा ब्लॉक आधीच पुढे गेलेला असेल, तर त्याच्यावर जुना बदल लादला जाऊ नये यासाठी तो उपयोगी पडतो. आणि तपास करणाऱ्याला ब्लॉक केव्हाचा हेही कळते. शेवटी सगळ्यावर सीआरसी-३२सी चेकसम.

या चेकसमची निवडही उगाच नाही. कास्तान्योली यांचे हे बहुपद १९९३ चे, आणि २००८ मध्ये इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरांपासून त्याची आकडेमोड करणारी सूचना थेट चिपमध्ये आली. त्यामुळे 'दर ब्लॉकला चेकसम काढला तर वेग मरेल' ही तक्रार बहुतांशी मेली. बत्तीस बिटांचा चेकसम म्हणजे वाटेल तसा विस्कटलेला ब्लॉकही योगायोगाने जुळून जाण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. एक्सटी४ ने हाच चेकसम २०१२ मध्ये लिनक्स ३.५ पासून आपल्या मेटाडेटावर घातला. अॅपलच्या २०१७ च्या एपीएफएसनेही मेटाडेटावर चेकसम ठेवला, वापरकर्त्याच्या मजकुरावर ठेवला नाही. तो निर्णय मला आजही पटत नाही, पण तो वाद वेगळा.

चेकसम बसवला की काम झाले, असे मानणाऱ्यांसाठी २००६ ची एक गोष्ट सांगतो. लिनक्स २.६.१७ मध्ये एक्सएफएसच्या डिरेक्टरीच्या कोडमध्ये एक चूक शिरली. बाइटांचा क्रम नीट करण्यासाठी केलेल्या साफसफाईत ती आली, म्हणजे हेतू चांगलाच होता. डिरेक्टरीच्या आतल्या मोकळ्या जागेचा हिशेब चुकीचा लिहिला जाऊ लागला. लोक ते कर्नल वापरत राहिले, काही काळ काहीच बिघडलेले दिसले नाही, आणि मग डिरेक्टरी कोसळू लागल्या. दुरुस्ती २.६.१७.७ मध्ये आली. पण नवे कर्नल टाकल्याने जुन्या चुका जात नाहीत. डिस्कवर जे चुकीचे लिहून झाले होते ते तसेच राहिले, आणि ते सुधारायला दुरुस्तीचा प्रोग्राम वेगळा चालवावा लागला. आता विचार करा, तेव्हा चेकसम असता तर? काही उपयोग झाला नसता. फाइलसिस्टीमने स्वतःच चुकीचा हिशेब मांडला असता, त्यावर स्वतःच अचूक चेकसम काढला असता, आणि वाचताना तो तंतोतंत जुळला असता. चेकसम सांगतो की लिहिले तेच वाचले. लिहिले ते शहाणपणाचे होते की नाही, हे त्याच्या अखत्यारीत नाही.

इथून पडताळणीचा दुसरा आणि माझ्या मते खरा भाग सुरू होतो. ब्लॉकमधला अर्थ तपासायचा. बी-ट्रीच्या ब्लॉकमध्ये नोंदींची संख्या जागेत मावते त्याहून जास्त तर नाही? पातळी झाडाच्या कमाल उंचीच्या आत आहे? शेजारच्या ब्लॉकचा क्रमांक ग्रुपच्या हद्दीत आहे? सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला एकूण आकार आणि ग्रुपांची संख्या यांचा मेळ बसतो? डिरेक्टरीतल्या नावाची लांबी ब्लॉकच्या बाहेर तर जात नाही? यात कुठेही बुद्धीची कमाल नाही, प्रत्येक प्रश्न शाळकरी आहे. कमाल आहे ती हे प्रश्न कुठे विचारायचे हे ठरवण्यात. एक्सएफएसने ते दोन दारांवर ठेवले. ब्लॉक डिस्कवरून आला की कोडच्या बाकी भागाने त्याला हात लावण्यापूर्वी आधी चेकसम आणि मग अर्थ. ब्लॉक डिस्ककडे निघाला की आधी अर्थ आणि मग चेकसम. हा उलटा क्रम लक्षात ठेवावा. बिघडलेल्या ब्लॉकवर नवा कोरा चेकसम मारून दिला, की खोट्यावर सरकारी शिक्का बसला म्हणून समजा. बाहेर जाताना अर्थ पटला नाही, तर ब्लॉक लिहिलाच जात नाही. फाइलसिस्टीम स्वतःला बंद करून घेते आणि डिस्कवर आधीचा धडका ब्लॉक तसाच राहतो.

लिहिण्याच्या दारावरचा हा पहारा किती मोलाचा, ते बीटीआरएफएसने जास्त ठळकपणे दाखवले. ही फाइलसिस्टीम जन्मापासून चेकसमवाली. तरीही तिच्यात असे बिघाड सापडत की ज्यांचा चेकसम अचूक आणि आतला आकडा अशक्य. कारण मेमरी. ब्लॉक मेमरीत असताना एक बिट उलटला, मग चेकसम काढला गेला, मग लिहिले गेले. २०१७ च्या अखेरीपासून तिच्यात ट्री-चेकर नावाचा अर्थ तपासणारा भाग उभा राहत गेला, त्यात क्यू वेनरुओ यांचा वाटा मोठा, आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.२ पासून तो लिहिण्यापूर्वीही चालू लागला. तेव्हापासून अशा तक्रारींचे उत्तर जवळपास ठरून गेले आहे. विकासक तो अशक्य आकडा आणि अपेक्षित आकडा हेक्समध्ये शेजारी मांडतात, फरक नेमका एका बिटाचा निघतो, आणि तक्रारदाराला सांगतात: मेमरी तपासा. माणूस महिनोन्‌महिने डिस्कला आणि फाइलसिस्टीमला दोष देत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गूगलच्या यंत्रांवर बियांका श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेला मेमरीचा अभ्यास सांगतो की वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांना निदान एक तरी दुरुस्त होण्याजोगी मेमरीची चूक भेटते. ती यंत्रे ईसीसी मेमरीची होती, म्हणून चूक दुरुस्त झाली आणि मोजताही आली. आपल्या टेबलावरच्या यंत्रात बहुधा ईसीसी नसते. तिथे चूक होत नाही असे नाही. ती मोजायला कोणी नसते.

झेडएफएसने वेगळा मार्ग धरला, आणि काही बाबतीत तो सरस आहे हे मान्य केले पाहिजे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरेन्स यांनी २००१ मध्ये काम सुरू केले, २००५ मध्ये कोड ओपनसोलारिसमधून बाहेर आला. त्यात ब्लॉकचा चेकसम ब्लॉकमध्ये नसतो, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. त्याचा त्याच्या वरच्यात. असे करत मुळापर्यंत. याचा फायदा हरवलेल्या लिखाणात दिसतो. ब्लॉक स्वतःची ओळख स्वतः सांगत असेल, तर हरवलेल्या लिखाणामागे राहिलेला जुना ब्लॉक अगदी खरेपणाने सांगतो: मी इथलाच, याच मालकाचा, चेकसम जुळतो. सगळे खरे, फक्त तो कालचा. एक्सएफएसचे वाचनाचे दार त्याला आत सोडते. झेडएफएसमध्ये वरचा ब्लॉक म्हणतो, मला तू नको, आजचा हवा. शिवाय तिथे मेटाडेटाच्या एकाहून जास्त प्रती असतात, त्यामुळे चूक पकडल्यावर चांगल्या प्रतीवरून ती भरूनही काढता येते. बीटीआरएफएस वरच्या ब्लॉकमध्ये खालच्याचा पिढी क्रमांक ठेवते. 'पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड' हा संदेश पाहून त्या गोटातल्या लोकांच्या पोटात गोळा येतो; हा क्रमांक जुळला नाही, हेच तो सांगत असतो.

पण झेडएफएसलाही मेमरीपुढे कवच नाही. विस्कॉन्सिनच्याच युपू झांग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मुद्दाम बिट उलटवून पाहिले. डिस्कवरच्या बिघाडाला झेडएफएस पुरून उरली, मेमरीतल्या बिघाडापुढे पुष्कळदा ढासळली. त्यामुळे 'कोणती फाइलसिस्टीम सुरक्षित' या प्रश्नावर हिरिरीने भांडणाऱ्यांनी आधी एवढे ठरवावे की सुरक्षित कशापासून.

बिघाड सापडला, आता काय? तंत्रापेक्षा हा प्रश्न स्वभावाचा जास्त आहे. विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस यांना मुद्दाम चुका खायला घातल्या आणि पाहिले की त्या काय करतात. धोरण म्हणावे असे फारसे निघाले नाही. एकाच फाइलसिस्टीमचा एक भाग चुकीवर थांबे, दुसरा ती चूक गिळून टाके. एक्सटी४ मध्ये आजही माउंट करताना ठरवता येते: चूक दिसली तरी चालू राहायचे, फक्त वाचनापुरते उरायचे, की यंत्रच थांबवायचे. 'चालू राहा' हा पर्याय ज्या सर्व्हरवर महत्त्वाचा ऐवज आहे तिथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या जागेचा हिशेब चुकलेला कळूनही लिहीत राहणे म्हणजे दर मिनिटाला कुणाच्या तरी फाइलवरून नांगर फिरवण्याची शक्यता पत्करणे. थांबलेल्या सेवेचे नुकसान तासांत मोजता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही पुस्तकात आल्या आहेत, आणि त्या लपवलेल्या नाहीत हे मला आवडले. दारावरची पडताळणी एका वेळी एकच ब्लॉक पाहते. दोन फाइली एकाच ब्लॉकवर हक्क सांगत असतील आणि दोघींच्या नोंदी आपापल्या जागी निर्दोष असतील, तर दोन्ही दारातून सुखरूप आत येतात. त्यासाठी दप्तरे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. एक्सएफएसमध्ये २०१६ मध्ये, लिनक्स ४.८ पासून, उलटी नोंद आली: कोणता ब्लॉक कोणाचा याची वेगळी वही. तिच्या जोरावर डॅरिक वाँग यांनी फाइलसिस्टीम चालू असतानाच ताळा घेणारी तपासणी उभी केली, आणि चालू असतानाच दुरुस्ती करण्याचा भाग २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये बराचसा पोहोचला. पन्नास वर्षांपूर्वी कोवाल्स्कींच्या प्रोग्रामसाठी डिस्क बंद करावी लागे, ते काम आता लोक फाइली उघडत-मिटत असताना मागे चालते. आणखी एक मर्यादा: मुद्दाम बिघडवलेली पेनड्राइव्ह. चेकसम हल्लेखोरही काढू शकतो. अर्थाची पडताळणी तिथे थोडीफार आडवी येते, पण तिचा जन्म त्यासाठी झालेला नाही.

पुण्यात स्टोरेज सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअर दोन-अडीच दशके तरी आहेत. त्यांना यातला बराच भाग परिचयाचा असेल. मला जास्त अपेक्षा आहे ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या वाचकाकडून. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरासाठी तो आयनोडची आकृती काढतो, थेट आणि आडून दाखवणारे पत्ते रंगवतो, आणि ती सगळी आकृती अशा डिस्कवर उभी असते जी कधी चुकत नाही. त्याने हे पुस्तक नुसते वाचू नये. एका फाइलमध्ये छोटी एक्सएफएस बनवावी, ती लूपवर माउंट करावी, बंद करावी, तिच्या मेटाडेटातला एक बाइट हाताने बदलावा आणि पुन्हा माउंट करून कर्नल काय म्हणते ते पाहावे. मग चेकसम स्वतः काढून, तो दुरुस्त करून, पुन्हा पाहावे.

ज्यांच्या हाती खरे सर्व्हर आहेत त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. संदेश क्रमांक ११७ दिसला तर लगेच दुरुस्तीचा हात घालू नका. आधी डिस्क अनमाउंट करा, मेटाडेटाची प्रत काढून ठेवा, एक्सएफएस रिपेअर काहीही न बदलता फक्त सांगेल अशा पर्यायाने चालवा, आणि जर्नल पुसून टाकणारा पर्याय अगदी शेवटासाठी ठेवा. घाईत तो आधीच वापरला, तर न लिहिलेले बदल कायमचे जातात. दुसरे, आपल्या प्रत्येक एक्सएफएस डिस्कवर एक्सएफएस-इन्फो चालवून सीआरसीपुढे शून्य आहे की एक, ते आजच पाहा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये एक्सएफएस ही मूळ निवड केली, पण त्या सुरुवातीच्या काळात बनवलेल्या कित्येक डिस्क चौथ्या आवृत्तीच्या आहेत, म्हणजे चेकसमविना. जागच्या जागी त्यांचे पाचवीत रूपांतर होत नाही; नवी फाइलसिस्टीम बनवून ऐवज तिकडे हलवावा लागतो. लिनक्स कर्नलने चौथ्या आवृत्तीचा आधार काढून टाकण्यासाठी सप्टेंबर २०३० ठरवला आहे.